नको नको म्हणता जाहला तो तह

जिने बोलावयास जिव्हा दिली आणि ऐकावयास तिच्या दुप्पट कान दिले, त्या वाणीदेवीस नमन करून लिहिले जाते. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघ मास. ते समयी विद्येच्या एका राज्यात संज्ञापनशास्त्राची शाखा होती आणि तिच्या अधिपती नलिनीबाई येरावार होत्या. बाईंचा जन्म प्राणहितेकाठचा. घरी तेलुगू, बाजारी मराठी आणि सवंगड्यांत गोंडी. वडिलांचे कापडदुकान, तेथे लहानग्या नलिनीबाई गिऱ्हाइकाचे बोलणे वडिलांस आणि वडिलांचे गिऱ्हाइकास सांगत. तेव्हाच त्यांच्या ध्यानी आले की शब्द पोहोचला तरी माणूस पोहोचतोच ऐसे नाही. मग मोठ्या पदव्या मिळविल्या, परमुलुख पाहिले आणि या राज्यी येऊन शिकवू लागल्या. शिकविणे ऐसे की शिष्यांस मंडईत धाडावे, लोक नाही कैसे म्हणतात ते पाहून येण्यास सांगावे, आणि मग वर्गात तो सारा बाजार भरवावा. शिष्य थोडे, परंतु हसण्याचा आवाज शेजारच्या इमारतीत जाई.

शिष्य थोडे हेच संकट जाहले. दरबारात ठराव आला की हिमदेशीच्या विद्यापीठाशी जोडअभ्यासक्रमाचा तह जाहला तर शाखा राहील, न जाहला तर आषाढापासून बंद. कुलसचिव चिंतोपंत भागडीकर यांनी तर शाखेच्या खोलीत संगणक कोठे मांडावे तेही ठरविले. मग हिमदेशीच्या वकील हेल्गाबाई आल्या आणि सकाळी दरबार भरला. हेल्गाबाईंनी तहाची चोपडी पुढे केली आणि इंग्रजीत विचारिले, "खर्च आमचा, ग्रंथ आमचे, शिकविणे दोघांचे. स्वीकारता?" कुलगुरू दिवाकरपंत आगटे अतिशय प्रसन्न जाहले, आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "नको, नको, एवढे कशाला!" हेल्गाबाईंनी मान लवविली, "आपल्या इच्छेचा आम्ही मान राखतो" म्हणाल्या, चोपडी मिटली आणि जेवणाआधी हात धुवावयास बाहेर गेल्या.

"अहो, मी नको म्हणालो," कुलगुरू घाबरे होऊन बोलिले, "पण नको थोडंच म्हणालो!"

"झालं!" चिंतोपंत म्हणाले. "खोली मोकळी."

"साहेब, त्यांच्याकडे एकदाच विचारतात," नलिनीबाई म्हणाल्या.

"मग काय पहिल्या फटक्यात हो म्हणू? हावरट नाही दिसणार?"

"आता जाऊन हो म्हणा."

"न विचारता? बाई, ते तर त्याहून वाईट!"

जेवणे आटोपताच वकिलांची गाडी निघणार होती. नलिनीबाईंच्या मनात वीज चमकली. त्यांनी वाढप्याच्या हातून जिलबीचे ताट घेतले, पदर खोचला आणि पंगतीत स्वतः वाढू लागल्या. हेल्गाबाई म्हणाल्या, "नको, धन्यवाद." बाई तत्क्षणी पुढे सरल्या. कुलगुरू म्हणाले, "नको नको," तर दोन जिलब्या पडल्या. "अहो, पुरे," तर आणखी एक पडली, आणि कुलगुरू ती आनंदाने खाऊ लागले. हेल्गाबाईंनी चमचा खाली ठेविला.

"नलिनी, हा तर जुलूम आहे! आणि ते हसताहेत?"

"तोंडाकडे पाहू नका, हाताकडे पाहा. ताटावर आडवा हात आला की मी थांबेन. तोवर आमच्याकडे नको म्हणजे, मी आशाळभूत नाही, पण पुन्हा विचारा."

हेल्गाबाईंचे डोळे विस्फारले. "म्हणजे सकाळी..."

"सकाळी साहेबांचे हात कोठे होते?"

"मांडीवर!" हेल्गाबाई एवढ्या मोठ्याने बोलिल्या की पंगत वळून पाहू लागली. त्यांनी पिशवीतून चोपडी काढली आणि जिलबीच्या ताटाप्रमाणे कुलगुरूंपुढे धरिली. "स्वीकारता?"

आणि जन्माची सवय! कुलगुरू म्हणाले, "छे, छे, तुम्हाला उगाच त्रास." चिंतोपंत गालात हसले. हेल्गाबाईंनी कुलगुरूंच्या हातांकडे निरखून पाहिले. एका हातात जिलबी, दुसरा मोकळा, ताट उघडे. "घ्याच!" त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी!"

"बरं, आता एवढा आग्रहच आहे तर," कुलगुरू म्हणाले आणि पाकाचे हात तसेच ठेवून लेखणी मागविली. शिष्यांनी दाराबाहेर ऐसा गलका केला की आचारीही धावत आले. "चिंतोपंत, एक जिलबी?" नलिनीबाईंनी विचारिले. चिंतोपंतांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरिले, आणि बाईंनी त्यांचा मान राखिला.

आषाढी जोडवर्ग सुरू जाहला. पडद्यावर हेल्गाबाई दिसल्या आणि शिष्यांस म्हणाल्या, "परतल्यावर बहिणीकडे गेले. तिने कॉफी विचारली. मी नको म्हणाले आणि वाट पाहत बसले. तिने किटली उचलून आत नेली!" दोन्ही मुलुखांचे शिष्य एकाच वेळी हसले.

सारांश, शाखा राहिली, तह चालू आहे, आणि नलिनीबाई नव्या शिष्यांस मंडईत धाडीत आहेत. घडले तैसे लिहिले. वाचणारांस सुख होवो.