बीडचा दालचा गेवराईला

"फ्रँचायझी म्हंजे काय बे? पाटी माझ्या नावाची, भट्टी दुसऱ्याची अन् शिव्या मला!" हैदरभाईंनी फडकं टेबलावर आपटलं.

"अब्बा, मुंजाजीकाकाची हायवेला जागा हाय गेवराईत," मतीन म्हणाला. "आपण फक्त नाव अन् चव द्यायची."

"चव काय नळानं सोडायची का तिकडं?"

हैदरभाईंचा राग उगीच नव्हता. बीडात त्यांच्याच रस्त्यावर चहाच्या ब्रँडांच्या झगमगीत पाट्या लागल्या होत्या. चहा पाणचट, दिवे मात्र भरपूर. वर्षात शटरं पडली. बुडाले ते इथले. पाटीवाले पुण्यात मजेत. डाळ-मटणाच्या कालवणावर कमावलेलं 'हैदरचा दालचा' हे हाटेलाचं नाव असं रस्त्यावर पडू द्यायला हैदरभाई तयार नव्हते. घरात महिनाभर हेच भांडण. शेवटी तह झाला. मुंजाजीला शनिवारी घरी इफ्तारला बोलवायचं. दालचा खाऊन तो खूश झाला तर गेवराई पक्की. नाही तर मतीननं हा विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही.

पण महिना रमजानचा. रोज्यात पातेलं चाखता येत नाही. जिभेवर ठेवून थुंकलं तर चालतं, असं काही जण म्हणत. हैदरभाई असल्या सवलती घेणारे नव्हते. हाटेलात दर रमजानला मीठ बघायचं काम आचारी बजरंगचं.

"बजरंग, मीठ बघ रे," शनिवारी हाटेलाच्या भट्टीवरच्या पातेल्याकडं बोट दाखवून हैदरभाई म्हणाले.

"भाई, आज शनवार. मारुतीचा उपास."

"कवापासून?"

"आजपासूनच. पोरीचं लगीन जमंना, म्हणून धरलाय."

"आजच सापडला व्हय तुला मारुती!"

बजरंग कांदा आणायला बाहेर गेला. हैदरभाई पातेल्यात बघत राहिले. लालभडक तवंग, पण आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. सौदा त्यांना नकोच होता. पण मुंजाजीनं हात जोडून मागावं आणि आपण नाही म्हणावं, यात शान होती. दालचा अळणी निघाला आणि त्यानं गेवराईभर बोंब मारली, तर इज्जतच गेली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मूठभर मीठ आत सोडलं. मग कुठं जीव थाऱ्यावर आला.

अजान झाली, खजूर झाले. हाटेलातून घरी पातेलं घेऊन आलेला बजरंग दाराशी उभा राहिला. मुंजाजीनं रोटीचा मोठा तुकडा दालच्यात बुडवून तोंडात टाकला. आधी पाणी प्याला, मग सरबत, मग मतीनच्या हातातला गिलास.

"भाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "समुद्रात पडल्यावानी वाटायलंय."

हैदरभाईंनी घास घेतला. दिवसभर कोरडी पडलेली जीभ आतल्या आत आकसली. "मीठ कुणी टाकलं?"

"मी," बजरंग म्हणाला. "अंदाजानं."

"मी पण," मतीन पुटपुटला. "काट्यावर मोजून. सगळ्या शाखांत एकसारखं पाहिजे ना."

स्वयंपाकघराच्या दारातून मतीनची अम्मी अजमतबी म्हणाल्या, "अन् मी रोज घरून मसाला धाडते, त्यातच आज कालवून धाडलंतं. बजरंगचा उपास मला त्याच्या बायकोनं सांगितलाता."

सगळ्यांनी हैदरभाईंकडं पाहिलं. हैदरभाईंनी खजुराकडं पाहिलं. "मी आपलं... चिमूटभर."

"तुमची चिमूट मला ठाऊक हाय," अजमतबी म्हणाल्या.

पण हैदरभाई आतून फुलले होते. दालचा गेला, भांडण जिंकलं! "बघितलं? चौघांना एक पातेलं सांभाळंना अन् निघाले गेवराईला! विषय खतम."

मतीननं मान खाली घातली. मुंजाजी मात्र दालच्यात लिंबू पिळून, भात कालवून खातच होता. "भाई, मिठाच्या खाली चव हाय राव. कुणाची हाय ती?"

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या.

"मग मी भाईच्या मागं कावून लागलोय? भाभी, मसाला तुमी द्याल का गेवराईला?"

"देईन की. मीठ घालूनच देईन. अट एकच, वरून कुणी हात लावायचा न्हाई. पाटी कुणाच्या बी नावाची लावा."

"अम्मी," मतीनचे डोळे मोठे झाले, "हीच तर फ्रँचायझी!"

"ही व्हय? मग तुझे अब्बा इतकी वर्षं दुसरं काय करायलेत?"

हैदरभाईंनी हातातली रोटी ताटलीत ठेवली. मग एवढासा आवाज काढून म्हणाले, "अन्... बीडचं कसं करायचं?"

अजमतबींनी त्यांच्या पुढ्यातलं पातेलं उचललं.

"बघू. आधी गेवराईचं होऊ द्या."