धम्मानंदची पांढरी हळद

तू आधी फक्त ऐक, मधी एक शब्द बोलू नको. डोंगरकडा गावच्या धम्मानंदचं लग्न जमतच आलं होतं. पोरगी आखाडा बाळापूरची, करुणा. त्याला ती पसंत, तिलाही हा पसंत. राहिलं होतं फक्त वावर पाहणं. करुणाचे वडील भीमराजमामा, त्यांचं म्हणणंच असं, की पोरगं कसंही असो, आधी त्याचं वावर पाहायचं. रविवारी येणार होते. आणि या शहाण्यानं शनिवारी काय करावं? स्टेटस ठेवलं!

त्याचं असं, की धम्मानंदला इन्फ्रारेड फोटोचं वेड. जुना कॅमेरा पुण्याला पाठवून आतली काच बदलून आणली होती. आता त्या कॅमेऱ्याला आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड दिसतो, आणि त्यात हिरवं पान दुधासारखं पांढरं येतं. खरंच! गडी दिवसभर हळदीत पालथा पडून फुलांचे, पानांचे अगदी जवळून फोटो काढत होता. त्यातला सगळ्यात भारी फोटो स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची हळद'.

तो फोटो घेऊन भीमराजमामा थेट बाळापुरात गुलाबचंदच्या खताच्या दुकानात. गुलाबचंदनं फोटो मोठा करून पाहिला आणि तोंडच पाडलं. "इतकं पांढरं पान? मामा, खाली कंद सडला असंल. पोरगी द्यायच्या आधी इचार करा."

मामांनी लगेच धम्मानंदच्या बापाला, जळबाला, फोन लावला. "जळबाजी, तुमची हळद पांढरी पडली, अन् आमाला सांगितलं न्हाई?"

जळबा तेव्हा वावरातच उभा. "कुठं पांढरी? हिरवीगार हाय! या, अन् सोताच्या डोळ्यानं पाहा."

आले ना! रविवारी जीप भरून आले. कमरेइतकी हळद, वाऱ्यावर नुसती डुलत होती. मामांनी वावराकडं पाहिलं, मोबाईलमधल्या फोटोकडं पाहिलं आणि अगदी थंडपणे विचारलं, "हे कोणाचं वावर हाय?"

"आमचंच!"

"तुमचं तर पांढरं हाय. पोरानं सोता लिहिलं हाय. दुसऱ्याचं वावर दाखवून राहिले काय आमाला?"

जळबानं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या वावराचा लालसिंग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा होता, त्यालाच साक्षीला हाक मारली. "लालसिंगभाऊ, सांगा बरं, हे वावर कोणाचं?"

लालसिंग माणूस लई मायाळू. पाहुण्यांपुढं छाती फुगवून म्हणाला, "त्यात इचारायचं काय? जळबाचं काय अन् माझं काय, एकच समजा!"

"समजलो," म्हणून मामा जीपकडं निघाले.

धम्मानंद कॅमेरा घेऊन मागं पळाला. "मामा, थांबा! वावर हिरवंच हाय, या कॅमेऱ्यालाच पांढरं दिसतं!"

"काहून? मोतीबिंदू झाला का त्याला?"

"व्हय... न्हाई... म्हंजे मामा, काच बदलली!"

मामा थांबले. "बरं. माझ्यासमोर काढ. पान मी धरतो, हेराफेरी नको." त्यांनी पान तोंडाजवळ धरलं, दुसऱ्या हातानं मिशीला पीळ दिला. "अन् मिशी बराबर येऊ दे. साठीला आलो, एक केस पांढरा न्हाई!" मागं त्यांची बायको रुख्मिणीबाई पदरात तोंड घालून खोकली.

खटॅक! धम्मानंदनं स्क्रीनवर पाहिलं. पान पांढरंशुभ्र! वावर वाचलं, लग्न वाचलं! आणि पानाच्या मागं मिशी. तीही पांढरीशुभ्र. अरे, त्या कॅमेऱ्याला कलप दिसतच नाही!

"आण इकडं," मामा म्हणाले.

"मामा, जरा हललं. पुन्हा काढू."

"काहून पुन्हा? पान हिरवंच आलं ना? लपवून राहिला ना?"

"दाखव की रे!" जळबा ओरडला. "दाखव, दाखव!" लालसिंग ओरडला. जीपमधली सगळी मंडळी माना लांब करून भोवती गोळा झाली. मामांचा हात पुढं, ड्रायव्हरनं जीप चालू केलेली.

दाखवावं तर सासरा जातो, लपवावं तर बायको. आता बोल, तू काय केलं असतं?