दुसरी पायरी: कृष्णातनाना

आपण कोण आहोत हे ज्याचे त्याला ठाऊक असते, अशी एक अडाणी समजूत आपल्याकडे फार दिवस चालली. सुदैवाने ती व्यवस्था आता मोडीत निघाली असून, आपण आपणच आहोत की नाही हे ठरवण्याचे काम संगणकाकडे सोपवण्यात आले आहे. तो कोणाची भीडभाड ठेवत नाही. (चहापाणीही घेत नाही; त्यामुळे त्याच्याशी बोलायचे कसे, हे आपल्या लोकांना अजून उमगलेले नाही.)

घणसोली गावातले आमचे शेजारी हौसेराव यांचा मुलगा इंद्रजित हा परवापर्यंत इंद्रजितच होता. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं का बघायला तो वाकला, वरच्या खिशातला मोबाईल बुडुक करून टाकीत गेला, आणि तो इंद्रजित असल्याचा पुरावाही त्याबरोबर गेला. नवा मोबाईल घेऊन त्याने ईमेल उघडायला घेतलं. पासवर्ड बरोबर टाकला. संगणक म्हणाला, पासवर्ड काय, कुणीही टाकेल.

यालाच द्विस्तरीय सुरक्षा म्हणतात, आणि मी तिचा भक्त आहे. पहिला स्तर म्हणजे तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट. दुसरा स्तर म्हणजे तुमच्या हातात असलेली वस्तू. चोराकडे यातली एक असते, दोन्ही नसतात. इंद्रजितकडेही एकच होती. म्हणजे यंत्रणा चोख चालली होती.

त्या ईमेलमध्ये ऐरोलीच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र होतं. पोरगं कित्येक महिने मुलाखती देत हिंडलं, चपला झिजल्या, तेव्हा कुठे ते आलेलं. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत त्याच ईमेलवरून होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्याला. कंपनीत फोन केला तर तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, होकार रजिस्टर्ड ईमेलवरूनच लागेल. फोनवर काय, कोणीपण इंद्रजित म्हणून बोलेल." त्यांचंही बरोबर होतं. या प्रकरणात सगळ्यांचंच बरोबर होतं, म्हणून तर ते चिघळलं.

मदत केंद्र नावाची एक सोय असते. तिथे लिहिलं होतं की खात्यात शिरता येत नसल्यास खात्यात शिरून तक्रार नोंदवावी. खाली प्रश्न होता, 'या माहितीचा उपयोग झाला का?' इंद्रजितने 'नाही' दाबलं. यंत्रणेने त्याचे आभार मानले.

एवढं मात्र कळलं की ओळख पटवणारा कोड खात्याला जोडलेल्या एका जुन्या नंबरवर गेला आहे आणि त्या नंबरच्या शेवटी सत्तेचाळीस आहे. घरातले सगळे नंबर तपासून झाले. मग इंद्रजितची आई सुनयनावहिनी पोळी लाटता लाटता थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा तर नानांचा!"

नाना म्हणजे हौसेरावांचे धाकटे भाऊ कृष्णात. जवळच्या पावणे एमआयडीसीत त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. इंद्रजित शाळेत असताना अख्ख्या घरात त्यांच्याकडेच धड मोबाईल होता, म्हणून खातं उघडताना त्यांचा नंबर दिला गेला. यात गैर काहीच नाही. माझ्या पाहणीनुसार (पाहणीचे क्षेत्र: आमचा मजला) शंभरातल्या ऐंशी खात्यांची दुसरी पायरी काका, मामा किंवा कॉम्प्युटर क्लासवाला असते. उरलेल्या विसांना आपली दुसरी पायरी कोण याचा पत्ताच नसतो.

अडचण एकच होती. नाना बोलत नव्हते. वैष्णवीच्या, म्हणजे इंद्रजितच्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत वॉर्डातले नेते, नेत्यांचे बंधू, बंधूंचे कार्यकर्ते आणि या सर्वांचे फोटो बसवता बसवता जागा संपली. मुलीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव तळाशी 'व्यवस्थापक' या सदरात, मंडपवाला आणि मी यांच्या मधोमध आलं. (मला त्या पत्रिकेचा आजही अभिमान आहे.) नेते आलेच नाहीत. नाना आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. साताऱ्याकडच्या माणसाने लग्नात न जेवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. संगणकाला ते सांगायची सोय नव्हती.

तर शनिवारी दुपारी एक शिष्टमंडळ पावण्याला निघालं. हौसेराव थोरले भाऊ म्हणून, इंद्रजित अर्जदार म्हणून आणि मी, माझ्याकडे गाडी असल्यामुळे. फोन करून जायचं धाडस कुणाला झालं नाही. वेळ वाचावा म्हणून इंद्रजितने गाडीतच 'कोड पाठवा' दाबलं. तरुण पिढी कार्यक्षम आहे ती अशी.

आम्ही पोचलो तेव्हा नाना मोबाईलकडे बघत होते. त्यांनी तो खिशात टाकला आणि म्हणाले, "या."

कोडचं आयुष्य दहा मिनिटं असतं. हे ज्याने ठरवलं त्याच्या घरात कुणी कधी रुसलेलं नसावं. आपल्याकडे दहा मिनिटांत पाण्याचा तांब्या येतो. हौसेरावांनी उन्हाचा विषय काढला. मग लाईट जाण्याचा. मग लेथ मशीनवर हात फिरवून म्हणाले, "नवीन घेतलं वाटतं." नाना म्हणाले, "जुनंच हाय." पहिला कोड वारला.

दुसरा कोड चहा येईपर्यंत टिकला. चहा पिऊन झाला तोवर तोही गेला. इंद्रजितने माझ्या कानात सांगितलं की आता एकदाच पाठवता येईल. तो फुकट गेला तर खातं उद्यापर्यंत बंद. सहाला थोडाच वेळ उरला होता. मला, खरं सांगायचं तर, पोराच्या बापाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता.

इंद्रजितने बटण दाबलं. नानांच्या खिशात मोबाईल वाजला.

"कालपास्नं वाजतोय," नाना म्हणाले. "पोरीच्या लग्नापास्नं तुमच्या घरातनं एक फोन नाय दादा. आन् आता दर घटकेला आठवण. हे सिम मी बंदच करणार होतो. दुसरं हाय माझ्याकडं. पण म्हटलं, राहू दे, रिचार्ज मारत राहू. पोरानं नंबर दिलाय कुठं कुठं, कधी त्याला लागलं तर."

हौसेराव उठून नानांजवळ गेले. मग म्हणाले, "चुकलं माझं, कृष्णात. तुझं नाव वर पाहिजे होतं." एवढंच. भाषण नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. नानांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

खातं उघडलं. होकार गेला. इंद्रजित पुन्हा इंद्रजित झाला. हौसेरावांनी डोळे पुसले, नानांनी नाक शिंकरलं आणि पोऱ्याला पुन्हा चहा सांगितला. मलाही भरून आलं. (गाडीचं पेट्रोल मी मनातल्या मनात माफ केलं.)

तेवढ्यात यंत्रणेने इंद्रजितला विचारलं, 'आपला नंबर अद्ययावत करायचा का?' सूचना अगदी योग्य होती, बटण निळं होतं, आणि पोरगं कार्यक्षम आहे हे मी वर सांगितलंच. त्याने तिथल्या तिथे स्वतःचा नंबर टाकला.

नानांचा मोबाईल पुन्हा वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि कोड वाचला होता तसंच सावकाश, मोठ्याने वाचलं: "हा नंबर या खात्यातून काढून टाकण्यात आला आहे."

मग ते म्हणाले, "आता सिम बंद करायला हरकत नाय." चहा आला. आम्ही तो उभ्या उभ्या प्यालो.

तुम्हाला इंद्रजितचा राग आला असेल. येऊ द्या, फुकट आहे. पण 'आलेला नंबर सांगा पटकन' म्हणून तुम्ही शेवटचा फोन ज्यांना केलात, त्यांना आकडे मिळाल्यावर 'जेवलात का' एवढं तरी विचारलंत? आठवत नसेल तर घाबरू नका. तुमचं खातं सुरक्षित आहे.