सुभेदार जगदाळ्यांची रविवारची पेशी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सुभेदार हणमंतराव जगदाळे दर रविवारी नाश्ता आटोपला की घरातल्या यंत्रांवर खटला चालवतात. खटला हा माझा शब्द. त्यांचा शब्द पेशी. फौजेत जवानाकडून काही आगळीक झाली की त्याला साहेबासमोर उभं करतात, आरोप वाचून दाखवतात, त्याचं म्हणणं ऐकतात आणि शिक्षा सुनावतात, ती पेशी. पेशीला नेण्याआधी जवानाची टोपी आणि पट्टा उतरवून घेतात. जगदाळ्यांच्या व्हरांड्यात मिक्सर येतो तेव्हा त्याचं झाकण आधीच काढलेलं असतं. टीव्हीच्या रिमोटला टोपी नसते, म्हणून त्याचे सेल काढून घेतात.

सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये ट्रक आणि जनरेटर दुरुस्त करण्यात गेली. शेवटची पोस्टिंग चंडीगडजवळ चंडीमंदिरला होती. मुलगी सुजाता इथेच आयटी पार्कमध्ये नोकरीला लागली, लुधियानाचा जावई मिळाला, आणि नवराबायको गावी परत न जाता चंडीगडमध्येच भाड्याने राहिले. तळमजला त्यांचा, वरचा माझा. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून ते मला पेपरवाले म्हणतात. पेशीत माझी नेमणूक एस्कॉर्ट म्हणून आहे. आरोपीला आतून उचलून आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि शेजारी गप्प उभं राहायचं, एवढंच एस्कॉर्टचं काम.

आरोप सुभेदार वाचतात. निकालही तेच देतात. आरोपीच्या बाजूने बोलतात त्या विमलकाकू, त्यांच्या पत्नी. काकू व्हरांड्याच्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत भाजी निवडत बसतात आणि भाजीवरची नजर न काढता खटले जिंकतात.

खोबऱ्याची चटणी वाटताना मिक्सरने झाकण उडवलं आणि छत रंगवलं, तेव्हा सुभेदारांनी त्याच्यावर 'ड्युटीवर असताना वरिष्ठांवर मारा' असा आरोप ठेवला होता.

"भांडं कुणी काठोकाठ भरलं ते बी वाचा की," काकू म्हणाल्या.

"ते रेकॉर्डवर न्हाई."

"छताकडं बघा. समदं रेकॉर्ड वरच हाय."

मिक्सर सुटला. सुभेदारांनी स्वतःला ताकीद दिली आणि छत पुसायला शिडी आणली.

वॉशिंग मशीन बाहेर आणता येत नाही, म्हणून तिची पेशी न्हाणीघराच्या दारात भरते. कपडे धुऊन झाले की ती एक लांबलचक धून वाजवते. सुभेदारांना हे अजिबात मान्य नाही. फौजेच्या लंगरमधला जवान भांडी घासून झाल्यावर चौकात येऊन गाणं म्हणत नाही, मग हिला काय झालंय, असा त्यांचा सवाल. काकूंचं उत्तर होतं की सुभेदार वर्कशॉपमधून घरी यायचे तेव्हा फाटकापासून शीळ घालायचे, आणि त्याबद्दल त्यांची कुणी पेशी लावली नव्हती. मशीनही सुटली.

बाकीच्या यंत्रांबद्दल सुभेदारांची मतं ठाम आहेत आणि विचारायची गरज पडत नाही. पाणी शुद्ध करणारं यंत्र हे त्यांच्या लेखी चोर स्टोअरकीपर आहे: "एक बादली घेतं, अर्धी देतं आणि उरलेली नालीत गेली म्हणून सांगतं." गीझरचा लाल दिवा विझला म्हणजे पाणी तापलं, हा गीझरचा दावा. जानेवारीच्या धुक्यात सुभेदार त्या दाव्यावर विश्वास न ठेवता आधी बोट घालून बघतात. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं लावून येते तेव्हा ते फाटकापाशी जाऊन ड्रायव्हरला हिंदीत विचारतात की जी, कचरा न्यायला आलात की नवरी. सुजाताने एकदा हुकूम ऐकणारा स्पीकर आणून दिला. सुभेदारांनी त्याला कवायतीच्या आवाजात हुकूम दिले. प्रत्येक हुकुमाला तो अदबीने माफी मागायचा. इतकी माफी मागणारा जवान कामाचा नसतो, असा शेरा मारून त्याला माळ्यावर पाठवण्यात आलं.

घरात पहिली बढती फ्रिजला मिळाली. दार उघडं राहिलं की तो टूंटूं करतो. पहाऱ्यावरचा संत्री असाच पाहिजे, असं म्हणून सुभेदारांनी त्याच्या दारावर पांढऱ्या चिकटपट्टीची एक फीत लावली आणि त्याला लान्स नायक केलं. काकूंनी तेव्हा फ्रिजला कुंकू लावलं होतं.

या सगळ्याचं सार सुभेदार एका वाक्यात सांगतात, आणि ते त्या घरात पंख्याच्या आवाजाइतकं नेहमीचं आहे: "यंत्राला घरात घ्या, पर डोक्यावर घिऊ नका. बसू दिलं की ते चढून बसतं."

या वाक्याने पुढे त्यांचाच घात केला.

गेल्या थंडीत काकूंची वकिली बिघडली. टोस्टरने ब्रेड जाळल्याची पेशी होती. सुभेदारांनी आरोप वाचला आणि नेहमीप्रमाणे थांबले. काकू मेथी निवडत होत्या. सुभेदारांनी पुन्हा वाचला. काकूंनी वर बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय, व्हय. बरोबर हाय तुमचं."

असं त्या व्हरांड्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं. टोस्टरला माळ्याची शिक्षा झाली, पण ती सुनावताना सुभेदारांचाच चेहरा आरोपीसारखा दिसत होता. पुढच्या रविवारी इस्त्री दोषी ठरली, त्यानंतर रिमोट. काकूंना कमी ऐकू येत होतं. त्यांना ते बरंच आधी कळलं होतं आणि सांगायचं नव्हतं.

मग खालून सुभेदारांचा आवाज वर येऊ लागला. चहा ठेवलाय. गोळी घेतली का. दार लाव. परेड मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा असा तो आवाज, आणि वाक्यं दोन-तीन शब्दांची. पूर्वी संध्याकाळी त्या दोघांचं बोलणं मला कधी ऐकू येत नसे; नुसती एक बारीक गुणगुण जिन्यापर्यंत यायची. ती थांबली. ओरडून सांगता येतील एवढ्याच गोष्टी दोघांमध्ये उरल्या.

रविवारची पेशी सुभेदारांनी बंद केली नाही. आरोप वाचून झाला की ते टेबलाला वळसा घालून काकूंच्या खुर्चीपाशी जायचे आणि आरोपीची बाजू स्वतःच मांडायचे, काकूंच्याच ढंगात, मान किंचित तिरकी करून. "वाजवू द्या की तिला धून. लहान हाय अजून." मग परत टेबलामागे येऊन निकाल. त्या काळात एकाही यंत्राला शिक्षा झाली नाही. माळ्यावरची यंत्रंसुद्धा एकेक करून खाली आली, माफी मागणारा स्पीकरही. काकू खुर्चीतून नवऱ्याच्या येरझाऱ्या बघायच्या आणि मधूनमधून मान डोलवायच्या.

सुजाता त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दोन्ही कान कमजोर झाले होते. मशीन लावलं तर नीट ऐकू येईल, पण ते आत्ताच लावायला हवं, उशीर केला तर ऐकण्याची सवय मोडते आणि मग मशीनचाही उपयोग कमी होत जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीन आलं. एकेका कानाला शेंगदाण्याएवढं एकेक, एका छोट्या डबीत. काकूंनी डबी कपाटावर ठेवून दिली.

सुभेदारांनी कारण विचारलं, अर्थात ओरडून. काकूंनी शांतपणे उत्तर दिलं, "यंत्र बसू दिलं की चढून बसतं, असं जन्मभर कोण सांगतंय? आणि ह्ये तर थेट कानात बसणार."

सुभेदारांनी सुजाताकडे बघितलं.

"बाबा, तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलंय हे सगळं," सुजाता म्हणाली. "आता तुम्हीच उतरवा यार."

सुभेदारांनी मोहीम हाती घेतली. दुसऱ्या दिवसापासून ते घरातल्या यंत्रांची स्तुती करू लागले. मिक्सर थांबला की "शाब्बास". वॉशिंग मशीनची धून सुरू झाली की न्हाणीघराच्या दारात सावधान. गीझरला बढती देऊन नायक केलं, त्यामुळे तो फ्रिजच्या वर गेला. पाण्याच्या यंत्राबद्दल त्यांनी भरल्या ताटावर भाषण केलं की असा इमानदार गडी आपण उभ्या नोकरीत बघितला नाही. कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी गाणं छान आहे म्हणून सांगितलं. तो पुढचे काही दिवस आमच्या फाटकासमोर जास्त वेळ थांबत असे. ही सगळी स्तुती आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने ऐकली. ज्यांच्यासाठी ती चालली होती, त्या तेवढ्या आत पोळ्या लाटत होत्या.

डबी कपाटावरच होती. सुभेदारांचा चेहरा उतरला. एका संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसलेले दिसले. मला म्हणाले, "पेपरवाले, इंजन बंद पडलेला ट्रक मी चालू करून दिलाय. हितं इंजन चांगलं हाय, पार्ट बी आलाय, आणि बसवू देत न्हाई."

मार्चमधल्या एका रविवारी, इथली झाडं पानं गाळतात त्या दिवसांत, मी खाली गेलो तर सुभेदारांच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. समोर टेबलावर डबी. पेशी त्यांनी लावली होती. सुभेदारांना त्यांनी हाताने वेताच्या खुर्चीकडे जायला सांगितलं. सुजाता दाराशी उभी होती. मी डबीचं झाकण काढलं, म्हणजे टोपी उतरवली, आणि बाजूला गप्प उभा राहिलो.

काकूंनी आरोप सांगितले. हे यंत्र त्यांना न विचारता घरात आलं. अपनी मंडीत, म्हणजे आठवडी बाजारात, भाजी घेताना चारचौघांत ते त्यांना म्हातारी ठरवणार. आणि अजून त्याने काडीचं काम केलेलं नाही.

सुभेदार उठले. यंत्राची बाजू मांडायची होती. त्यांनी छाती भरून सुरुवात केली. समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकायला लागला. भाजीची रेहडी ढकलत चाललेला माणूस थांबून बघू लागला. काकूंनी कानामागे हात धरला, थोडा वेळ प्रयत्न केला आणि मान हलवली.

"काय बी कळंना. जाऊ द्या. परत पाठवा दुकानात."

"निकाल लावता येत न्हाई," सुभेदार म्हणाले आणि हाताने थांबा अशी खूण केली. त्यांनी डबीकडे बोट दाखवलं, मग आपल्या तोंडाकडे, मग काकूंच्या कानाकडे.

आरोपीची बाजू ऐकल्याशिवाय दिलेली शिक्षा टिकत नाही. फौजेतला हा नियम काकूंना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला ठाऊक होता. त्याच्याच जोरावर त्यांनी आजवर आरोपी सोडवले होते. त्यांनी डबी पुढे ओढली. मग पदर मागे सारला.

"बाजू ऐकंपतुर. तेवढंच," त्या सुजाताला म्हणाल्या.

सुजाताने दोन्ही कानांत मशीन बसवलं. काकू दचकल्या. त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं. तिथे सफाईवाला झाडूने वाळलेली पानं ओढत होता. मग वर बघितलं, झाडात कुठेतरी पोपट होते. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

सुभेदारांनी पुन्हा छाती भरली, तोंड उघडलं आणि मिटलं. ते टेबलाला वळसा घालून खुर्चीपाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बोलू लागले. त्यांचा तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही ऐकला असं म्हणता येणार नाही. मी हाताच्या अंतरावर उभा होतो, तरी एक शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही. बोलणं थोडं नव्हतं. थंडीभर साठलेलं असावं. सुजाता बाहेरच्या स्कूटरकडे बघत होती. काकूंची नजर मांडीवरच्या हातांवर होती. एकदा त्या हसल्या, आणि सुभेदारांना थांबावं लागलं.

ते सरळ उभे राहिले आणि निकालाची वाट बघू लागले.

"एवढ्यावर निकाल न्हाई व्हायचा," काकू म्हणाल्या. "अजून सांगा."

सुभेदार पुन्हा वाकले. सवयीने त्यांचा आवाज थोडा वर गेला. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"अवो, हळू. ऐकू येतंय मला."