बॅटरीला इचारा

आमच्या शेजारचे हिरामणकाका मासे खायला बसले की भिंतीजवळच्या काचेच्या टाकीकडे पाठ करून बसत. टाकीत एक सोनेरी मासा होता. "त्याच्यासमोर बरं दिसत न्हाय," म्हणत आणि बोंबील हाणत.

माणूस खाडीकाठचा. बापजाद्यांनी कशेळीच्या खाडीत जाळी टाकलेली. दापोड्याची जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्याने गेली आणि काकांच्या हातात नुसता वेळ उरला. त्यातून ही बॅटरीची भानगड सुरू झाली.

भिवंडीत तेव्हा दिवसातून कित्येक तास लाईट जायची. लूम थांबायचे, गल्ली एकदम गप्प व्हायची आणि काकांच्या घरात भोंगा वाजायचा. इन्व्हर्टर बऱ्याच जणांकडे होता, पण काकांनी तो कॉम्प्युटरला जोडला होता. बॅटरी किती उरली, ते पडद्यावर दिसे. लाईट गेली की टीव्ही, फ्रिज, पंखे आपोआप बंद. चालू राही एकच प्लग, टाकीत हवा सोडणाऱ्या पंपाचा. मासा बुडबुड्यांत मजेत फिरे आणि पाहुणे पेपराने वारा घेत. कोणी आशेने पंख्याकडे पाहिलं की काका म्हणत, "बॅटरीला इचारा."

बॅटरी कधी हो म्हणायची नाही. तिच्यावर नजर ठेवणारा कॉम्प्युटरच निम्मी बॅटरी खातो, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

माशाला ते 'सायेब' म्हणत. सायेब मूळचा वैजूचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा. वैजूने आपल्या पसंतीने कल्याणच्या मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत आणि तेव्हापासून तिच्याशी बोललेही नाहीत. घरातून निघताना ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, लाईट गेली की याची हवा बंद पडते. सांभाळा." पुढच्याच महिन्यात इन्व्हर्टर आला. तिचा फोन आला की काकी बोलत आणि काका बॅटरीत पाणी आहे का बघत बसत. त्या बॅटरीइतकं पाणी पिणारी बॅटरी मी दुसरी पाहिली नाही.

मग त्यांनी कॉम्प्युटरला एक जुना मोबाईल जोडला. आपण बाहेर असताना लाईट गेली तर मेसेज यावा म्हणून. 'बॅटरी अमुक टक्के, हवा चालू.' बाजारात भाजी घेतानाही तो मेसेज ते भाजीवाल्याला वाचून दाखवत. "चालू हाय," म्हणत. भाजीवाला मान डोलवी.

एकदा गुडघ्यांसाठी काका वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले. जाताना सायबावर ध्यान ठेवायला मला बसवून गेले. दुपारी लाईट गेली, भोंगा झाला आणि मी पेपर उचलून वारा घेऊ लागलो. तेवढ्यात काकी खोबरं, मिरच्या आणि मिक्सर घेऊन आल्या. त्यांनी पंपाचा प्लग शांतपणे उपटला आणि तिथे मिक्सरचा लावला.

"काकी, हवा!"

"वाटण नको का? घरात जिता प्लग हा एकच."

पडदा लाल झाला. 'हवा बंद.' मेसेज सुटला. काकींनी वाटण सावकाश केलं. दोघांच्या मानाने ते बरंच जास्त होतं. मग प्लग परत पंपाला लावून म्हणाल्या, "झाला. दोगांना गेला मेसेज."

"दोघांना?"

"एक त्यांना, एक वैजूला. पहिल्यापासून जातो. त्यांना वाटतं, मला ठाव न्हाय."

तासाभरात दारात रिक्षा थांबली. वैजू धापा टाकत आत आली. "रोज 'हवा चालू' येतो. आज पहिल्यांदाच बंद. मला वाटलं, बाबांना..." काकी म्हणाल्या, "बस आधी," आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मागोमाग काका आले. केस अजून ओले. मेसेज बघून अर्ध्या अंघोळीतून निघाले असावेत. सरळ टाकीपाशी गेले. सायेब फिरत होता. सुस्कारा सोडून ते वळले आणि वैजू दिसली.

मला उठून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता.

"कवा आलीस?"

"आत्ताच."

तिचा चेहरा घामाने निथळत होता. काका कॉम्प्युटरपाशी गेले आणि त्यांनी एक बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरू लागला. लाईट नसताना त्या घरात पंखा फिरलेला मी प्रथमच पाहत होतो.

"बाबा, बॅटरी उतरेल."

"उतरू दे. तिला काय इचारायचं?"

पडद्यावरचा आकडा भराभर खाली येत होता. काका पडद्याकडे पाठ करून बसले आणि वाऱ्याने वैजूचे केस उडत होते, तिकडे बघत राहिले.