दोन जण बोलेपर्यंत

आमचे घरमालक आप्पा एकदा बोलून झाले, की मध्ये दुसरी दोन माणसं बोलल्याशिवाय पुन्हा तोंड उघडत नसत.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं, पण समजलं नाही. चाकणच्या कंपनीत स्टोअरला बदली झाली म्हणून मी निघोज्यात खोली बघायला आले होते. घर साताऱ्याला, त्यामुळे इथे मी एकटीच राहणार होते. वहीत सतरा प्रश्न लिहून आणले होते. आप्पा म्हणाले, "पानी दोन टाइम येतं." मी विचारलं, किती वाजता? आप्पा गप्प. कमी ऐकू येत असेल म्हणून मी मोठ्याने विचारलं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, मग अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या बाईंकडे. त्या बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "सकाळी सहा न् संध्याकाळी सहा. बोला आता आप्पा, दोन झाली."

"त्येच सांगनार व्हतो," आप्पा म्हणाले.

हा नियम त्यांच्या वडिलांचा. भावकीच्या बैठकीत जो तो आपलंच घोडं दामटायचा, म्हणून वडिलांनी घालून दिलेला. एकदा बोललास, की दोघं बोलेपर्यंत थांब. पुढे जमिनी कारखान्यांत गेल्या, भावकी फ्लॅटमध्ये पांगली, आप्पांचा मुलगाही पिंपळे गुरवला राहायला गेला. बैठक संपली, नियम तेवढा आप्पांकडे राहिला. जमिनीच्या बदल्यात आलेल्या तीन मजली घरात त्यांनी चौदा खोल्या काढल्या आणि कंपन्यांतल्या मुलांना भाड्याने दिल्या.

आम्ही दोघंच समोरासमोर आलो की पंचाईत व्हायची. आठवडाभर मी हे सहन केलं आणि मग स्पष्ट विचारलं, यावर उपाय काय? आप्पांनी विचार केला. माझ्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं.

"ती वही समदं ध्येनात ठेवती. मान्सावानीच हाय. तुमी आन वही, दोन झाली."

तेव्हापासून जिन्यात बोलायचं असलं तरी मी वही बरोबर घेत असे.

आता त्यांचा छंद सांगते. टीव्हीवर 'जोडीचा बंगला' नावाचा कार्यक्रम लागतो. दहा मुलं-मुली एका बंगल्यात कोंडतात, त्यांनी आपापसांत जोड्या जमवायच्या, आणि दर महिन्याला एकाला बाहेर काढतात. अडुसष्ट वर्षांचा, डोक्याला टोपी लावणारा हा शेतकरी त्या कार्यक्रमाचा इतका भक्त, की एकही भाग चुकवत नसे. पूर्वी भाडेकरू मुलं संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये जमून तो बघायची. त्यातल्याच कुणीतरी इंटरनेटवर 'बंगल्याची चावडी' नावाचं पान काढून दिलं आणि आप्पांना तिथलं पंच केलं. वाद घालायला लोक यायचे, शिव्यागाळी करायचे, आणि आप्पा त्यांना वळण लावायचे.

चावडीचे नियम नऊ. पहिला अर्थातच दोन जणांचा. बाकीच्यांतले मला आवडायचे ते असे: पोरींच्या कपड्यांवर बोलायचं नाही. कुणाचे आईबाप काढायचे नाहीत. जो बंगल्यातून गेला, त्याला मागे नावं ठेवायची नाहीत. आणि नववा: एका माणसाचा एकच आवाज. खोटी नावं घेऊन कुणी आपलीच पाठ थोपटत होता, तेव्हा तो केलेला. नियम मोडला की शिक्षा म्हणजे 'ओसरी'. दोन दिवस वाचायचं, बोलायचं नाही.

मला हा कार्यक्रम मुळीच बघायचा नव्हता. पण सभासदांची यादी इतकी अव्यवस्थित होती, की ती नीट करून देते म्हणून मी चावडीत शिरले आणि तिथेच राहिले. बंगल्यातली तन्वी नावाची एक मुलगी कुणाशीच जोडी जमवत नव्हती, आणि रोहन नावाचा मुलगा तिच्या मागे होता. तिच्यावरून रोज रण माजायचं. पूर्वी आमच्याच घरात राहून गेलेला परभणीचा बालाजी लिहायचा, "रोहन बेकार फसायलाय भाऊ, तन्वी नुसती खेळवायली त्याला." चिपळूणचा नितेश म्हणायचा, "रोहन म्हणजे नुसती हवा हो. पंक्चर करा आधी त्याला." मी मुद्दे क्रमवार मांडायचे. आणि दोघं बोलून झाले, की आप्पा: "पोरगी खोटी न्हाई. एडिटिंग खोटं हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाण्याची मोटार बिघडली तरी ते म्हणत, "मोटार खोटी न्हाई."

एकदा बालाजीने तन्वीला लबाड म्हटलं आणि आप्पांनी त्याला दोन दिवस ओसरीवर बसवलं. त्याच दिवशी कामावर जाताना मला खालच्या खऱ्या ओसरीच्या कट्ट्यावर एक मोबाइल दिसला. घडी घातलेल्या पोत्यावर, पालथा ठेवलेला. पाठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनने लिहिलेलं: बालाजी, परभणी. विसरून गेला असेल असं मला वाटलं. संध्याकाळी फोन तिथेच. मी आप्पांना सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "त्येला अजून एक दिवस तितंच बसायचंय."

मी हसले. आप्पा हसले नाहीत.

यादी करण्याची सवय असली की माणसाला नको ते दिसू लागतं. महिन्याचा हजेरीपट काढताना माझ्या लक्षात आलं, की पूर्वीचे बाहेरचे सभासद हळूहळू गळून गेलेत. रोज बोलणारे फक्त सात, अधिक आप्पा, अधिक मी. सातही जण आमच्या घरातून गेलेले भाडेकरू. कंपन्यांतलं कंत्राट सात महिन्यांचं असतं, ते संपलं की मुलं गावी किंवा दुसऱ्या एमआयडीसीत जातात. सात जण सात गावांना. आणि दर गुरुवारी सकाळपासून दुपारी चारपर्यंत सातही जण गप्प.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि विजेलाही. मी मागचे सहा गुरुवार तपासले. निघोज्यातली वीज गेली की परभणीत शांतता. चिपळूणला शांतता. चार वाजता इथले पंखे फिरू लागले, की तिथे बोलणं सुरू.

मी वहीत लिहिलं: गुरुवार, चौकशी करणे.

पुढच्या गुरुवारी मी घरीच होते. पावणेचारची वेळ, भर उजेड, आवार रिकामं. चारला वीज आली. खालच्या हॉलमधून एकापाठोपाठ एक बारीक टिंग-टिंग ऐकू आलं. मी मोजलं. सात. आणि थोड्या वेळाने माणसांचा आवाज. परभणीचा हेल मला ओळखू येतो. "अरे काय करायलास भाऊ, रोहनला कशाला धुवायलास?" त्यावर कोकणातलं नाकातलं उत्तर. मग तिसरा कुणीतरी हसला.

जुनी मुलं भेटायला आली असं समजून मला बरं वाटलं. गुरुवारचं कोडंही सुटलं असं मी धरलं, कसं ते खोलात तपासलं नाही. सात अधिक आप्पा म्हणून मोजून आठ कप चहा टाकला आणि ट्रे घेऊन खाली गेले. कोपराने दार ढकललं.

आत आप्पा एकटे होते.

भिंतीला पूर्वी बियाण्याच्या पिशव्या ठेवायची लांब फळी होती. तिच्यावर सात जुने फोन ओळीने उभे, प्रत्येकाला वायर, प्रत्येकाला नावाची पट्टी. प्रत्येकासमोर वेगळी बैठक: एक पालथी बादली, एक स्टूल, एक घडीची चादर. आप्पा बादलीवर बसून नितेशच्या फोनवर एका बोटाने लिहीत होते, आणि जे लिहीत होते ते नितेशच्या आवाजात बोलत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी वाक्य पुरं केलं, उठले, आपल्या खुर्चीत येऊन बसले, आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "ठेवा चा. आठ कप आनलं, बरं केलं."

बालाजी आणि नितेश बोलून झाले होते. आप्पांची पाळी आलेली होती.

त्यांनी एकेक कप एकेका फोनसमोर ठेवला. मी दारातच उभी होते. वही काखेत होती.

"आप्पा, ही मुलं कुठे आहेत?"

"गेली."

"मग हे कोण बोलतंय?"

"तीच की. बोलनं त्यांचंच हाय, बोट तेवडं माजं."

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. चार महिने मी ज्या सात जणांशी तन्वीवरून भांडले, त्यातल्या एकाने मला 'तुम्ही फार मोजता' म्हणून दुखावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी रीतसर माफीही मागितली होती. ती माफी मी जपून ठेवली होती.

"का करता हे?" मी विचारलं.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बोनसला पोरं नवा फोन घ्यायची, जुना मी मागून घ्यायचो. आटवन म्हनून. गेल्यावर पयले आठ दिस लिव्हायची चावडीत. मग बंद. एक दिस मी नमस्कार घातला चावडीला. कुनी बोललं न्हाई. मला तर फुडं बोलायचं व्हतं, तन्वीचं. पर दोगं बोलल्याबिगर बोलता येईना. न्येम माजाच."

"मग?"

"चार दिस थांबलो. पाचव्या दिशी बालाजी बोलला."

त्यांनी हे इतकं सहज सांगितलं, की मी नकळत फळीवरच्या बालाजीकडे बघितलं.

मला माझं काम करणं भाग होतं. "आप्पा, नियम नववा. एका माणसाचा एकच आवाज. यादी माझ्याकडे आहे. नावं काढावी लागतील."

आप्पांनी मान हलवली. त्यांना ते मान्य होतं. "माजं काडा," ते म्हणाले. "पोरांची नगा काडू."

सगळे फोन पेटलेले होते. मी वही उघडली. सात नावांवर रेघ मारली तर आप्पांना पुन्हा कधी तोंड उघडता येणार नव्हतं, आणि त्यांचंच नाव काढलं तर सातही जण एकदम मुके होणार होते. मी त्या महिन्याच्या पानावर लिहिलं: सभासद नऊ, हजर नऊ, तक्रार नाही. आणि पान त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग आपला चहा प्यायले, आणि उठून एकेका बैठकीवर बसत, साय धरलेले बाकीचे सातही.

दोन महिन्यांनी माझी साताऱ्याला परत बदली झाली. ती बातमी सांगायला मी खाली गेले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, जुना फोन हाय का तुमच्याकडं?"

फळीवर आठवी जागा मोकळी होती. तिथे लाकडावर पट्टी चिकटवलेली होती: स्टोअरवाल्या मॅडम, सातारा. पट्टीच्या कडा धुळीने काळ्या पडल्या होत्या. ती आज लावलेली नव्हती. मी खोली बघायला आले, बहुतेक त्याच आठवड्यात लावलेली होती.

शेजारी एक शाळेची वही होती. मी विचारून उघडली. प्रत्येक मुलाचं एक पान. हा कसा बोलतो, कशाला चिडतो, आईला काय म्हणतो. शेवटचं पान माझं. 'मुद्दा एक, मुद्दा दोन असं लिव्हतात. रागावल्या की नोंद घ्यावी म्हनतात. तन्वीच्या बाजूच्या, पर कबूल करत न्हाईत. गुरवारी दुपारी जिन्यात बसून घरच्या फोनची वाट बघतात. आला न्हाई तर यादी करतात.'

मी पेन काढलं आणि एकच दुरुस्ती केली: मुद्दे तीनच्या पुढे जात नाहीत. शेवटची दोन वाक्यं वाचली आणि तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी निघताना माझा जुना फोन पुसून, चार्जरसकट, आप्पांच्या हातात दिला. चावडीतलं माझं खातं त्याच्यावर उघडंच होतं. आप्पा काही बोलले नाहीत. वही सामानात बांधली गेली होती.

बंगल्याचं नवं पर्व सुरू झालं. पहिला भाग मी साताऱ्याच्या घरात एकटीने पाहिला, इथे कुणाला त्यात रस नाही. सकाळी चहा ठेवून वहीत तीन मुद्दे काढले आणि नव्या फोनवर चावडी उघडली, नुसती वाचायला. आप्पांनी नमस्कार घातला होता: "बंगला उघडला. समद्यांनी यावं." मी बघत असतानाच त्याखाली दुसरी नोंद उमटली. नाव माझं होतं. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. त्यातले दोन माझ्या पुढ्यातल्या पानावर जसेच्या तसे होते. तिसरा माझ्यापेक्षा बरा होता.

गॅसवर पाणी उकळत होतं. मी जागची हलले नाही. आता दुसऱ्या आवाजासाठी आप्पा उठून बालाजीच्या स्टुलाकडे निघाले असणार, गुडघ्यावर हात टेकत. मी घाईघाईने नवं खातं काढलं. नाव घातलं: मॅडमची वही. आणि लिहिलं, "वरील मुद्द्यांना अनुमोदन. तिसऱ्याची विशेष नोंद घ्यावी."

चावडी एकदम शांत झाली. बालाजी आला नाही, नितेशही आला नाही. मी घड्याळ बघितलं, गुरुवार तर नाही ना तेही बघितलं. बऱ्याच वेळाने खाली बारीक अक्षरं आली: आप्पा लिहीत आहेत.

ती अक्षरं जात आणि पुन्हा येत. एक बोट, सावकाश. मी गॅस बारीक केला आणि वाट बघत बसले.