स्टँडबाय आत्या

गणपत सावंताला जेवायला बोलावलं तर तो येत नसे. न बोलावता यायचा. बहारीनमधल्या बुसैतीनला आमच्या दाराबाहेर बूट न काढता उभा राहायचा, हातातली खाकी कॅनव्हासची बॅग खाली ठेवायचा आणि विचारायचा, "कोण येवचो रवलो काय?"

म्हणजे, ज्यांना बोलावलं होतं त्यांच्यापैकी कोणी आलं नसेल आणि एखादं ताट रिकामं असेल तर तो बसणार. सगळे आले असतील तर तो बाहेरच्या बाकावर शांतपणे बसून राही. रागावत नसे, की भूक लागली म्हणत नसे. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सीट गावली तर गावली, नाय तर हंयच बसान रवाचा."

मी साताऱ्याकडचा माणूस. बहारीनला आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडे फक्त तोंड होतं. त्या तोंडाच्या जोरावर मी अंडी आणि भाजीचा पुरवठादार झालो. मनामाच्या बाजारात माझ्याशी भाव करताना भले भले अरब व्यापारी "खलास, खलास" म्हणत हात टेकायचे. तर अशा मला आयुष्यात एकदाच एका माणसाने फसवलं, आणि तो हा मालवणी. हे मी बायकोला सांगतो तेव्हा ती हसते. म्हणून आता लिहून काढतो आहे.

मुहर्रकला इंग्रजांचा हवाई तळ होता तेव्हाची ही गोष्ट. मी तिथल्या मेसला अंडी घालायचो आणि सावंत प्रवाशांच्या काउंटरवर कारकून होता. सैन्याच्या विमानात जागा आधी हुद्देवाल्यांना, मग कामावर निघालेल्या सैनिकांना, मग त्यांच्या बायकामुलांना मिळे. एवढं होऊन एखादी सीट उरलीच, तर बाकावर ताटकळत बसलेल्या फुकट्या उमेदवारांपैकी एकाचं नाव पुकारलं जाई. त्यालाच स्टँडबाय म्हणत. यादी करायची आणि नाव पुकारायचं हे सावंताचं काम. गोऱ्या साहेबांच्या मडमा हातात पोर घेऊन त्याच्या तोंडाकडे आशेने बघत बसायच्या. मला वाटतं, तिथेच त्याचं डोकं फिरलं. जगात ज्याची सीट पक्की आहे तो माणूस त्याला जरा उर्मट वाटायला लागला.

लग्नाचं विचारलं तर म्हणायचा, "पयल्यांदा भयणी, मगे भाव, मगे भावाची पोरां. माझो नंबर येयसर काउंटर बंद."

तळ बंद व्हायची वेळ आली. तळावरचा मोठा साहेब मनाने चांगला. त्याने जुन्या नोकरांना एकेकाला बोलावून विचारलं, जाताना तुला काय देऊ? कोणी घड्याळ मागितलं, कोणी पंखा, एकाने साहेबाचा फ्रिज मागितला आणि त्याला तो मिळालाही. सावंत म्हणाला, "साहेब, मला एकदा बाकावर बसू द्या. काउंटरच्या त्या बाजूला."

साहेबाने परवानगीचा कागद दिला. सैन्याच्या विमानांनी, जागा उरली तर, युरोपात जाऊन परत यायचं. हे मला कळलं तेव्हा मी तडक साहेबाच्या ऑफिसात गेलो. तीन दिवस त्याचं डोकं खाल्लं आणि शेवटच्या महिन्याची अंडी फुकट घालतो या बोलीवर त्याच कागदावर माझं नाव घालून घेतलं. सावंताच्या नावाखाली. वर घालून घ्यायला हवं होतं, पण ते तेव्हा सुचलं नाही.

एकच अडचण होती. माझी बायको शालन नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी. परवानगी त्याच महिन्यापुरती होती. शालन म्हणाली, "जा. पण बाराव्या दिवशी बारसं आहे. इथे ना सासू, ना नणंद. बापाच्या बाजूचं एक माणूस पाळण्यापाशी नसलं तर मी बारसं करणार नाही, आणि तुमच्याशी बोलणारही नाही."

"बाराव्या दिवशी मी हजर," मी म्हणालो. "आणि नाव इंदुमती ठेवायचं. माझ्या आईचं."

"ते तेव्हा बघू," ती म्हणाली.

निघालो. विमान म्हणजे आतून गोदाम. दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या झोळ्या, मध्ये दोरखंडाने बांधलेल्या पेट्या, आणि आवाज असा की मलाही बोलता येईना. जेवायला पुठ्ठ्याचा डबा मिळाला. त्यात उकडलेलं अंडं. ते मीच घातलेलं होतं. फुकट दिलेलं अंडं मी तिथे वसूल केलं, तेवढीच या सहलीतली माझी कमाई.

सायप्रसला उतरलो. सावंत खाली वाकला, जमिनीला बोट लावलं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "झाला. बाकार चल."

"काय झाला? देश बघायचाय की नाही?"

"खिडकीतसून बघलंस ना? नाव पुकारल्यानी आणि आपण नाय, तर काय करशीत?"

माल्टाही असाच झाला. लांबून एका चर्चचा घुमट दिसला, सावंताने तिकडे नमस्कार केला आणि आमचं नाव लागलं. इंग्लंडात मात्र पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. मी त्याला बखोटीला धरून लंडनला नेलं. एका बाजारात जुने ओव्हरकोट विकायला टांगले होते. मी एक धरला. विकणारा म्हातारा माझ्यासारखाच बेरकी निघाला. काय सांगू, इतक्या वर्षांत तसा भाव करायला मजा आली नव्हती. तो डोक्याला हात लावत होता, मी पाठ फिरवून चालू लागत होतो, तो परत बोलावत होता. म्हातारा अगदी टेकीला आला होता. आणखी एकदा पाठ फिरवली असती की कोट माझा होता. मी पाठ फिरवली, आणि सावंताने माझा दंड धरून मला तसंच पुढे ओढत बसमध्ये घातलं.

"उद्याची यादी आज संध्याकाळी लागतली," तो म्हणाला.

म्हातारा बसच्या मागे कोट हलवत पळत आला. त्याने शेवटी काय भाव सांगितला तो मला काचेतून ऐकू आला नाही. ते दुःख अजून आहे.

जर्मनीत बर्फ पडत होतं. मी बहारीनच्या सुती शर्टात. सावंताने बर्फाला बोट लावलं, कपाळाला लावलं, आणि बॅगेतून एक चादर काढून माझ्या अंगावर टाकली. "ह्यो बघ तुझो कोट," म्हणाला. त्या चादरीत गुंडाळून मी जर्मनी पाहिला, म्हणजे तिथला बाक पाहिला. युरोपातल्या बाकांबद्दल मला काहीही विचारा. सावंत मात्र खुशीत होता. प्रत्येक काउंटरवरच्या कारकुनाकडे तो जाणकारासारखा बघायचा आणि माझ्या कानात सांगायचा, "ह्याचो आवाज बरो आसा," किंवा, "ह्येका नाव पुकारूक येणा नाय."

परतीला सायप्रसपर्यंत ठीक आलो. बारसं दुसऱ्या दिवशी होतं आणि बहारीनचं विमान समोर उभं होतं. बाकावर आम्ही दहाबारा जण. काउंटरवर एक लालबुंद सार्जंट. तो यादी घेऊन आला आणि म्हणाला, एकच सीट आहे. आणि नाव पुकारलं, "सावंत."

मी उठलो आणि काउंटरवर गेलो. म्हणालो, मी उभा राहून येतो. तो नाही म्हणाला. पेट्यांवर बसतो म्हणालो, तरी नाही. मग मी त्याला अंड्यांबद्दल सांगितलं, माझ्या मुलीबद्दल सांगितलं, आणि शेवटी त्याच्या आईबद्दल मराठीत काहीतरी सांगितलं. मराठी त्याला कळली नसावी, पण सूर कळला. त्याने पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं.

मी सावंताकडे वळलो. "तू थांब. मी जातो. माझं बारसं आहे."

"तुझा बारसा कधीच झाला असतला, मेल्या," तो म्हणाला. "मी नाय म्हटलंय तर सीट खालच्याक जातली. तू आता सगळ्यात खाली. तोंड कित्याक उघडलंस?"

त्याने बॅग उचलली आणि चालू लागला. मागे वळून पाहिलंही नाही. मी सीट सोडली असती तर ती तुला मिळालीच नसती, हे त्याचं म्हणणं अजून कायम आहे. मला ते पटलेलं नाही. निदान वळून बघायला काय झालं होतं?

पुढचं विमान मिळून मी घरी पोचलो तेव्हा पाळण्याची फुलं सुकली होती. शालन बोलली. उलट हसतच होती. तिने सांगितलं ते असं.

बाराव्या दिवशी शेजारच्या बायका जमल्या. शालन पाळण्यापाशी रडत बसली होती. बापाच्या बाजूचं कोणी नाही, नाव सांगायला आत्या नाही, बारसं राहू द्या म्हणत होती. तेवढ्यात दारात सावंत. दाढी वाढलेली, बूट तसेच, हातात बॅग. विमानतळावरून धावत आला होता. त्याने आपलं नेहमीचं विचारलं, "कोण येवचो रवलो काय?"

"बाप यायचा राहिला," शालन म्हणाली. "आणि आत्या तर नाहीच."

सावंताने बॅग खाली ठेवली. बूट काढले. आमच्या घरात त्याने बूट काढले ते त्या एका दिवशी. "बापाच्या बाजून मी आसंय," म्हणाला. "आणि आत्येच्या जाग्यार स्टँडबाय पण मीच."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पण त्याने हातपाय धुतले, पाळण्यावर वाकला आणि पोरीच्या कानात "कुर्रर्र" केलं. आत्याने नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. शेजारच्या उम्म खालिद या अरब बाईला हे कोणीतरी समजावून सांगितलं. "यल्ला," म्हणजे चला, म्हणत तिने असा गुद्दा घातला की सावंत पाळण्यात पडता पडता राहिला.

नाव ठेवलं मीनल. शालनने सांगितलेलं. मी सहा विमानतळांवर त्याला बजावलं होतं, इंदुमती, इंदुमती. मी जाब विचारला तर म्हणाला, "आवस कन्फर्म पॅसेंजर. बापूस स्टँडबाय."

तळ गेला. सावंत नव्या विमानतळावर मालाच्या गोदामात लागला, मी कोल्ड स्टोरेज काढलं. मीनल बोलायला लागली ती त्याला आत्या म्हणूनच. मिशाळ बाप्या माणूस, खाकी बॅग घेऊन गल्लीत शिरला की आमची पोरगी "आत्या आली" म्हणून धावायची. नवीन आलेले मराठी लोक चक्रावून जायचे. पुढे ती इंग्रजी शाळेत गेली, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची. आत्या शब्द तेवढा टिकला.

तरीही तो बोलावल्यावर जेवायला येईना. मग शालनने एक कुलकर्णी काढला. रिफाला राहणारा, बँकेतला, पोटाने अधू. दर शुक्रवारी त्याला जेवायला बोलावलेलं असायचं आणि दर शुक्रवारी त्याचं पोट बिघडायचं. सावंत दारात यायचा, विचारायचा, शालन सुस्कारा टाकून म्हणायची, "कुलकर्णी नाही येत म्हणे." आणि तो त्या ताटावर बसायचा, भिंतीला पाठ न लावता, दाराकडे तोंड करून. असा कोणी कुलकर्णी पृथ्वीवर नव्हता. मी कितीदा म्हणालो, सांगून टाक त्याला, हा काय तमाशा. शालन म्हणायची, "तुम्ही गप्प बसा. सायप्रसला बोललात तेवढं पुरे."

यंदा सावंत निवृत्त झाला. कंपनीने मुंबईचं तिकीट दिलं, पक्कं, सीट नंबरासकट. आम्ही तिघं त्याला सोडायला विमानतळावर गेलो. त्याला आता मालवणात भावाच्या मुलांच्या घरी राहायचं होतं. "खोली गावली तर गावली," म्हणाला. माझ्या गाडीत तो अंग चोरून बसला होता. काउंटरवरच्या पोरीने तिकीट बघून "कन्फर्म्ड, सर" म्हटलं तर तिच्याकडे संशयाने बघत राहिला.

सावंताच्या ओळखीने आम्हालाही आतपर्यंत सोडलं. बाकावर बसलो. त्याने बॅगेतून मिठाईचा पुडा काढून शालनच्या हातात दिला.

"ह्यो त्या कुलकर्ण्याक," म्हणाला. "त्येका सांग, इतकी वर्सां तुझी सीट मी वापरलंय. खूप बरा वाटला."

शालनला पदर शोधावा लागला. मी दुसरीकडे बघितलं.

विमान लागलं. लोक उठले, रांग झाली, रांग संपली. लाउडस्पीकरवर नाव आलं, "पॅसेंजर गणपत सावंत." तो हलला नाही. पुन्हा आलं. तो मान उंच करून दाराकडे बघत होता, त्याच्या आधीचं कोणी राहिलं आहे का ते.

"आत्या," मीनल म्हणाली, "दे आर कॉलिंग युवर नेम."

"आदी सगळ्यांका जाव दे, बाय."

मीनल उठली. त्याच्या बाकाशी वाकली, दोन्ही हातांचा आडोसा करून त्याच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "कुर्रर्र. गणपत सावंत." चक्क मराठीत.

तो उभा राहिला. काय करावं ते त्याला सुचेना. मग माझं काम होतं ते मी केलं. त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. जरा जोरातच घातला, सायप्रसचा राग त्यात होता.

त्याने बॅग उचलली आणि चालू लागला. दारापाशी थांबला, आणि या वेळी वळून बघितलं.